विहिरीची खोली आणि दातांवरचे डाग

पाणलोटाचे काम म्हणजे शेतीचे काम, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात गावाने पाऊस कसा अडवला, किती जिरवला आणि किती उपसला, याच्या खुणा गावकऱ्यांच्या दातांवर, हाडांवर आणि आतड्यांवर उमटतात. हा हिशेब मुलांनी वर्गाबाहेर पडून शिकला, तर तो आरोग्य शिक्षणाचाच एक भाग ठरतो.

शाळेतल्या दंत तपासणीत काही मुलांच्या पुढच्या दातांवर पांढरे ठिपके किंवा पिवळट-तपकिरी आडवे पट्टे दिसतात. 'दात नीट घासत जा' असा सल्ला त्यांना घरीदारी मिळालेला असतो. मात्र नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील काही गावांत हे डाग कितीही घासले तरी निघत नाहीत. ते दातांवर बसलेले नसतात, दात तयार होतानाच त्यांच्या आवरणात मुरलेले असतात. कारण असते पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड.

भारतीय मानकांनुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते; दुसरा स्रोतच नसेल तर कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमच्या दातांचे आवरण घडत असते. त्या काळात याहून जास्त फ्लोराइड पोटात जात राहिले, तर दातांवर डाग पडतात. पुढे अनेक वर्षे तेच पाणी पीत राहिल्यास फ्लोराइड हाडांत आणि सांध्यांभोवती साठते. कंबर, मान, गुडघे आखडतात. माणसाला धड वाकता येत नाही की वळता येत नाही. हाडांमधील हे बदल औषधाने मागे फिरवता येत नाहीत. म्हणूनच फ्लोरोसिसचा खरा उपचार दवाखान्यात कमी आणि पाण्याच्या स्रोतावर जास्त असतो. केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यामागे हाच विचार होता.

हे फ्लोराइड येते जमिनीखालच्या खडकातून. पाणी खडकाच्या भेगांमध्ये जितका जास्त काळ राहते, तितके त्यातील क्षार पाण्यात उतरतात. उथळ विहिरीत दरवर्षी पावसाचे ताजे पाणी मिसळत असते. खोल बोअरमध्ये मात्र अनेकदा वर्षानुवर्षे मुरलेले जुने पाणी येते. सगळीकडे असेच घडते असे नाही, कारण ते तिथल्या खडकावरही अवलंबून असते. तरी ज्या भागातील खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे आहेत, तिथे विहीर आटणे, मग दोनशे फुटांचा बोअर, तो आटला की पाचशे फुटांचा, या क्रमाने पाणी अधिकाधिक बाधित होण्याचा धोका वाढतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

शंभर लिटरांतले दहा

महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा खडक स्पंजासारखा नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे पडलेल्या शंभर लिटर पावसातले साधारण दहा लिटरच भूजलापर्यंत पोहोचतात. काही पाणी मातीत ओलावा म्हणून राहते आणि पिकांना मिळते, काही वाफ होऊन जाते आणि बरेचसे ओढ्या-नाल्यांतून वाहून जाते. जाताना ते सुपीक मातीही घेऊन जाते.

आता एक साधा हिशेब पाहा. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. एक हजार हेक्टर शिवाराच्या गावात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर आभाळातून ५०० कोटी लिटर पाणी उतरले. गावाची वस्ती दीड हजार धरली आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी दिले, तर वर्षाची गरज होते सुमारे ३ कोटी लिटर. म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्काही नाही. भूजलात मुरलेल्या दहा टक्क्यांशी, म्हणजे ५० कोटी लिटरशी तुलना केली, तरी पिण्या-वापरण्याची गरज फार तर सहा टक्के भरते.

मग अशा गावात एप्रिलमध्ये टँकर का येतो? कारण उरलेल्या पाण्याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. उसाला वर्षभरात सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरला २ कोटी लिटर होतात. म्हणजे साऱ्या गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याएवढे पाणी दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकर ऊस पितो. यात उसाला किंवा शेतकऱ्याला दोष देण्याचा हेतू नाही. ज्या गावात पाण्याची मुबलकता आहे तिथे ऊस घेतला जाणारच. पण गावातले आकडे गावाला माहीत नसतील, तर विहीर आधी कोणासाठी आटते याचे उत्तर ठरलेले असते. ज्याच्याकडे खोल बोअरचे पैसे नाहीत त्याच्यासाठी, आणि हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी.

या हंड्याचीही आरोग्याची बाजू आहे. पाणी दुरून आणावे लागले की घरात पहिली काटकसर होते ती हात धुण्यात. मग जुलाब, खरूज, डोळे येणे हे आजार वाढतात. उन्हाळ्यात स्त्रिया मुद्दाम कमी पाणी पितात, लघवी रोखून धरतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. पाणी शुद्ध असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते पुरेसे असणेही महत्त्वाचे आहे.

माथा ते पायथा

पाणलोट म्हणजे अशी जमीन, जिच्यावर पडलेला पाऊस उतारावरून एकाच ओढ्याला किंवा नदीला जाऊन मिळतो. म्हणून काम सुरू करायचे ते डोंगरमाथ्यापासून. उतारावर समपातळीत खोदलेले सलग चर, घळींमध्ये रचलेले दगडी बांध, त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती आणि सर्वात शेवटी ओढ्यावरचे बंधारे, असा हा क्रम आहे. माथा सोडून थेट पायथ्याला बंधारा बांधला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

महाराष्ट्राला या विषयाची मोठी परंपरा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे अभियंते विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरला. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असे ठरले.

नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हीच शिस्त आपल्या पद्धतीने अंगी बाणवली. जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या गावात डोंगरावर चर खोदले गेले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान आले. पण या गावाचे वेगळेपण चर खोदण्यापेक्षा पुढच्या पायरीत आहे. सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत आणि दरवर्षी पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे, असे नियम गावाने केले. पाऊस कमी झाला तर पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उन्हाळी पिकांवर गदा येते. पाऊस मोजण्याच्या आणि विहिरींची पातळी नोंदवण्याच्या कामात तिथल्या शाळेतील मुलांनाही सामील करून घेतले गेले.

२०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरू झालेली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१९ पर्यंत ७६ तालुक्यांत पोहोचली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव विजेते ठरले. स्पर्धेतील श्रमदानाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्याआधी गावोगावच्या लोकांना दिलेल्या प्रशिक्षणाची चर्चा मात्र कमी झाली. गावकरी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, आधीच काम झालेल्या गावात राहिले, उतार स्वतः मोजायला शिकले, चराची रेषा स्वतः आखायला शिकले. शिवारात उभे राहून घेतलेला हा धडा पुस्तकातील आकृतीपेक्षा वेगाने समजतो.

मोजणारी मुले

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय शाळांत अनिवार्य झाला. पण बऱ्याच ठिकाणी तो प्रकल्प वहीत चिकटवलेल्या चित्रांपुरता उरला. वास्तविक या विषयासाठी प्रयोगशाळा शाळेच्या कुंपणापलीकडेच असते.

पहिला प्रयोग पावसाचा. सरळ भिंतीचे, सपाट तळाचे भांडे मोकळ्या जागेत ठेवायचे आणि रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचे. हवामान खात्याची दैनंदिन नोंदही याच वेळेची असते. दुसरा प्रयोग विहिरीचा. कठड्यावर एक कायमची खूण करायची आणि मोटार सुरू होण्याआधी, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. शाळेने निदान तेवढ्या वेळा तरी घ्यावी. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या, की पाऊस आणि पाणीपातळी यांचा आलेख सातवीतला मुलगाही काढू शकतो. पाऊस तेवढाच असून मार्चची पातळी दरवर्षी खाली जात असेल, तर उपसा वाढला हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

तिसरा प्रयोग ओढ्यातला. वाहत्या, उथळ पाण्यातला एखादा दगड उलटून पाहिला की त्याच्या खालच्या बाजूला लहान जीव दिसतात. शेपटीला दोन-तीन बारीक तंतू असलेली मेफ्लाय कीटकांची पिल्ले दिसली, तर पाण्यात भरपूर प्राणवायू आहे असे समजावे. त्याऐवजी चिखलात लालभडक धाग्यासारख्या अळ्या वळवळत असतील, तर पाण्यात सांडपाणी मिसळत असण्याची शक्यता मोठी. या अळ्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा असतो. त्याच्या जोरावर त्या जवळपास प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तग धरतात. जीवशास्त्राचा हा धडा मुले सहसा विसरत नाहीत.

चौथा प्रयोग पाण्याच्या जिवाणू तपासणीचा. ग्वाल्हेरच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक सोपी पद्धत मांडली. रसायन लावलेली कागदाची पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असतील, तर साधारण एक-दोन दिवसांत ते काळे पडते. ही एच-टू-एस चाचणी आज गावपातळीवर वापरली जाते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात किमान पाच महिलांना पाणी तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. शाळेने त्यांना वर्षातून दोनदा वर्गात बोलावले, तरी मुलांना पुष्कळ शिकता येईल.

मुलांनी घराबाहेर पडण्याचा थेट शारीरिक फायदाही आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवण्यात आला. तीन वर्षांत त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे दूरचे कमी दिसण्याचा दोष आला. नेहमीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. उघड्यावरचा लख्ख उजेड डोळ्यांच्या वाढीला योग्य वळण देतो, असे मानले जाते. मोबाइल आणि शिकवणीच्या चक्रात सापडलेल्या मुलांसाठी ओढ्याकाठचा तास म्हणूनच वाया गेलेला तास नव्हे.

पाणी आले, म्हणजे शुद्ध आले असे नाही

पाणलोटाचे काम चांगले झाले, विहिरी भरल्या, तरी आरोग्याच्या दृष्टीने काम अर्धेच झालेले असते. जिरणारे पाणी वाटेत जे भेटेल ते बरोबर घेते. उकिरडा, गोठा, शोषखड्डा यांच्याजवळून जिरलेले पाणी विहिरीत जंतू आणि नायट्रेट नेते. पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल आणि त्याच पाण्यात कालवलेले वरचे दूध तान्ह्या बाळाला दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून बाळ निळे पडू शकते. नायट्रेटही उकळून जात नाही. छतावरचे किंवा नाल्यातले पाणी गाळणी थराशिवाय थेट बोअरमध्ये सोडणे तर धोक्याचेच. मातीच्या थरातून होणारी नैसर्गिक गाळणी त्यात पूर्णपणे टळते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणी स्रोतांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर स्वच्छता तपासणी होते. जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे किती जणांना ठाऊक असते? पाण्यात टीसीएल पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाचे काम तर गावात जवळपास अदृश्य असते. पावडर ओलसर जागी उघडी राहिली, तर तिच्यातील क्लोरीन उडून जाते आणि मग कितीही टाकली तरी उपयोग नाही. ओटी चाचणीत नळाच्या शेवटच्या टोकाच्या पाण्याला पिवळी छटा आली, तरच क्लोरीन तिथपर्यंत पोहोचले असे समजायचे. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते आणि सहावीचे मूल ती शिक्षकांसमोर सहज करू शकते.

हा विषय फक्त खेड्यांचा आहे असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि काही आठवड्यांत संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. पायांपासून वर चढत जाणारा लुळेपणा हे या आजाराचे लक्षण. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूशी लढताना चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व नोरोव्हायरस आढळले. दूषित पाण्याकडे संशयाची सुई वळली. धरणाच्या अगदी जवळ राहणाऱ्या लोकांनाही आपल्या नळातले पाणी कोणत्या विहिरीतून आणि कोणत्या प्रक्रियेनंतर येते, असा प्रश्न तेव्हा पडला.

हा प्रश्न शहरातील प्रत्येक शाळेने विचारण्याजोगा आहे. मुंबईचे पाणी वैतरणा, तानसा, भातसातून येते. नाशिकचे गंगापूरमधून, नागपूरचे पेंचमधून, सोलापूरचे उजनीतून, छत्रपती संभाजीनगरचे जायकवाडीतून. वर्षाची एक सहल वॉटर पार्कऐवजी जलशुद्धीकरण केंद्राकडे आणि दुसरी सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे नेली, तर मुलांना पाण्याचा येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही रस्ते कळतील. उजनीच्या वरच्या अंगाला पुणे आहे. एका शहराचे सांडपाणी खालच्या शहराच्या पिण्याच्या पाण्यात उतरते, ही पाणलोटाची व्याख्या नकाशावर बोट ठेवून शिकवता येते.

नोंदींचा उपयोग काय?

मुलांनी आकडे लिहिले म्हणून मोटारी थांबतील का, ही शंका रास्त आहे. पाणी आले की बागायत वाढते, मोटारी वाढतात आणि चार-सहा वर्षांत पुन्हा टँकर दारात येतो, असे अनेक गावांत घडले आहे. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी बोअरच्या पाण्याने भरली जातात, तेव्हा तर जमिनीखालचे पाणी वर आणून वाफ होण्यासाठी उघडे ठेवले जाते.

तरीही मोजण्याने वर्तन बदलते, याला आधार आहे. अविभाजित आंध्र प्रदेशातील सात दुष्काळप्रवण जिल्ह्यांत, शेकडो गावांत शेतकऱ्यांनीच पाऊस आणि बोअरची पातळी मोजून पिकांचा ताळेबंद मांडण्याचा प्रकल्प या शतकाच्या पहिल्या दशकात राबवला गेला. कोणावरही सक्ती नव्हती. रब्बीच्या तोंडावर पाणी किती उरले आहे हे भिंतीवर लिहिलेले दिसू लागल्यावर अनेकांनी भाताचे क्षेत्र कमी करून कमी पाण्याची पिके घेतली. सामायिक साधनांचा वापर लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. साधनाची स्थिती सर्वांना दिसणे ही त्यातली एक महत्त्वाची अट आहे.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर चार आकडे लिहिता येतील: या वर्षीचा पाऊस, विहिरीची आजची पातळी, पाण्यातील फ्लोराइड आणि पाणी स्रोताच्या कार्डाचा रंग. ग्रामसभेला येणारा प्रत्येक जण ते वाचेल. ज्या गावात दातांवर डाग असलेली मुले आहेत, तिथे या चारपैकी तिसऱ्या आकड्याची निकड सर्वात जास्त आहे. आज पहिलीत असलेल्या मुलांच्या बाबतीत उशीर झालेला असू शकतो. पण अंगणवाडीतल्या मुलांचे कायमचे दात अजून हिरड्यांच्या आत घडत आहेत.

हे लक्षात ठेवा

• मुलांच्या दातांवर न निघणारे पट्टे दिसल्यास टूथपेस्ट बदलण्याआधी पाण्यातील फ्लोराइड तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो.

• बाधित गावात निदान पिण्या-स्वयंपाकासाठी सुरक्षित स्रोत वेगळा ठेवा. आहारात दूध, नाचणी, पालेभाज्या, आवळा, लिंबू असू द्या. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास फ्लोराइडचा त्रास वाढतो.

• उन्हाळ्यातील श्रमदान सकाळी लवकर किंवा सायंकाळी करा. डोके झाका, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. घाम थांबून अंग तापले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर उष्माघात समजून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तातडीने दवाखान्यात न्या.

• पायाला जखम असताना पावसाळ्यात ओढ्यात किंवा चिखलात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. परतल्यावर हातपाय साबणाने धुवा. नंतर दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना ओढ्यात उतरल्याचे आवर्जून सांगा.

• चरात किंवा खड्ड्यात आठवड्याहून जास्त काळ पाणी साचून राहिले, तर डासांची पैदास होते. शेततळ्यात गप्पी मासे सोडा आणि तळ्याला कुंपण घाला. प्लॅस्टिकच्या निसरड्या उतारावरून आत घसरलेल्या मुलाला स्वतःहून बाहेर येता येत नाही. काठावर दोरी आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधून ठेवा.

• विहीर-बोअर पुनर्भरण करताना गाळणी थर आवश्यक. शोषखड्डा, गोठा, उकिरडा यांपासून ते पुरेसे लांब, शक्यतो उताराच्या वरच्या बाजूला करा.